मास्टरिंगच्या भरवशावर मिक्स सोडू नये



ध्वनिमुद्रणाची विद्या नव्याने शिकणाऱ्याने मिक्सिंग आणि मास्टरिंग यांतील भेद, हाताशी काय येते यावरून ओळखावा. मिक्सिंगमध्ये गायन, तबला, पेटी, बासरी यांचे ट्रॅक सुटे असतात, म्हणून प्रत्येकाची पातळी, डाव्या-उजव्या स्पीकरमधली जागा आणि रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, स्वतंत्रपणे ठरवता येतो. मास्टरिंगला मात्र बहुधा हे सर्व एकजीव झालेली, दोनच वाहिन्यांची फाइल येते आणि तिच्यावर केलेला उपचार साऱ्यांनाच लागू होतो.

भावगीतात पेटी गायकाचे शब्द झाकू लागली, तर मिक्समध्ये तिचा फेडर दीड-दोन डेसिबल खाली घ्यावा, किंवा ईक्यूने, म्हणजे कंप्रतेचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, तिच्यातील 2 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा उतरवावा, कारण व्यंजनांची स्पष्टता मुख्यतः तिथेच असते. तेच काम मास्टरिंगवर ढकलले, तर पेटीबरोबर गायकाचीही धार जाते आणि शब्द होते त्याहून पुसट होतात. एकत्र झालेले आवाज वेगळे काढणारी सॉफ्टवेअर आता मिळतात हे खरे. पण सुटा ट्रॅक हाताशी असताना आधी कालवून मग निवडत बसणे कारागिराला शोभत नाही.

मास्टरिंगला दुय्यम मानणेही तितकेच चुकीचे आहे. ग्रामोफोनच्या तबकडीवर खाच कोरताना खर्जाचा जोर डाव्या-उजव्या वाहिन्यांत फार वेगळा असला तर सुई उसळे, आणि अशा मर्यादा सांभाळतच ही कला घडली. आज अल्बममधील गाण्यांचा पोत व पातळी जुळवणे आणि त्रयस्थ कानाने शेवटची पारख करणे हे तिचे काम आहे.

आवाज मोठा करण्याचा मोह मात्र मिक्समध्येच आवरावा. 2008 मध्ये मेटॅलिका या बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या अल्बमचा आवाज चेपलेला व फाटका असल्याची ओरड झाली, तेव्हा मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी मिक्स आपल्याकडे आले तेच दाबलेले होते, असे स्पष्ट केले. स्पॉटिफायसारख्या सेवा तर गाणी साधारण उणे 14 एलयूएफएस, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या सरासरी पातळीच्या एकाच मापावर आणतात, त्यामुळे चेपून मिळवलेली सरशी तिथे टिकत नाही. म्हणून मिक्स पाठवताना केवळ पातळी वाढवण्यासाठी लावलेला लिमिटर, म्हणजे शिखरे दाबणारे साधन, काढावा, शिखरे शून्याखाली 3 ते 6 डेसिबल ठेवावीत आणि 24 बिटांची फाइल द्यावी.