आधी कातळ, मग कुलदैवत

सोलापुरातल्या कितीतरी घरांचं कुलदैवत बदामीजवळची बनशंकरी. घरात लग्न झालं की नवं जोडपं घेऊन एक गाडी तिकडे जातेच. बेतही ठरलेला असतो. पहाटे चारला निघायचं, विजापुरात चहा घ्यायचा, देवळात दर्शन, ओटी, नैवेद्य उरकायचा आणि मग ‘आलोच आहोत तर’ म्हणून बदामीची लेणी, जमलंच तर पट्टदकल आणि ऐहोळे, आणि रात्री झोपायला घरी. जायला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, यायला तेवढेच. या हिशेबात लेणी बरोबर भर दुपारी वाट्याला येतात. आमच्याही आली.

मार्च संपत आला होता. उन्हाबद्दल सोलापूरकराला काही सांगायला जाऊ नये. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हाही आम्ही डोक्याला पंचा गुंडाळून बाजार करतो. गाडीत धाकटे भाऊजी सगळ्यात उत्साही. चादरीच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून काम करणारा माणूस, उन्हाला काय भिणार? पण आपलं सोलापूरचं ऊन आणि लाल कातळावरचं ऊन यांत फरक आहे, आणि तो अंगावर आल्याशिवाय कळत नाही. घरी वर तापतं, पण चार पावलांवर लिंबाची नाहीतर दुकानाच्या पत्र्याची सावली असते. बदामीत ऊन डोक्यावरून येतं, पायांखालच्या दगडातून येतं आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांवरूनही अंगावर येतं. हवा इतकी कोरडी, की आलेला घाम जागच्या जागी वाळतो. घाम दिसत नाही म्हणून तहान लागल्याचंही लक्षात येत नाही.

मुळात दगडच वेगळा. आपण बसाल्टवर राहतो, काळ्या मातीचे लोक. कृष्णा ओलांडून बागलकोट मागे पडलं की माती रंग बदलते आणि बदामीच्या अलीकडे लाल वाळूखडकाचे उभे कडे दिसायला लागतात. आपल्या काळ्या कातळाचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या घरातलं. हा वाळूखडक त्याच्याहून कितीतरी कोटी वर्षांनी जुना. लोहाच्या गंजाने त्याला तो रंग आलाय. लेण्यांच्या भिंती नीट पाहिल्या तर तांबड्या, पिवळ्या, जांभळ्या थरांच्या रेघा वळणं घेत गेलेल्या दिसतात. वाळू ज्या पाण्याने आणून टाकली त्याच्या खुणा आहेत त्या. तिसऱ्या लेण्यातला शेषावर बसलेला विष्णू पाहताना त्याच्या अंगावरूनही अशा रेघा गेलेल्या दिसतात का ते बघा. हे लेणं मंगलेश चालुक्याने शके ५००, म्हणजे इ.स. ५७८ मध्ये पूर्ण केलं. तसा लेखच तिथे आहे. पहिल्या लेण्याबाहेरचा अठरा हातांचा नटराज सगळे बघतात, फोटो काढतात. चौथं लेणं जैन, छोटं, आणि तिथपर्यंत जाईस्तोवर माणसं दमलेली असतात म्हणून बहुतेकांचं राहतं.

आमची पहिली अडचण माकडांनी केली. लेण्यांच्या पायऱ्यांवर ती टपूनच बसलेली असतात. कॅरीबॅगचा चुरचुर आवाज आला की झेप घेतात, आणि रंगीत सरबताच्या बाटलीवर त्यांचा विशेष जीव. जाऊबाईंच्या हातातली पिशवी गेली. तिच्यात केळी होती आणि घरातल्या सगळ्यांचं पाणीही तिच्यातच होतं. सासूबाई लेण्याच्या सावलीत बसल्या, मुलंही बसली. भाऊजी मात्र दोघा पुतण्यांना घेऊन तलावाच्या पलीकडच्या उत्तरेच्या किल्ल्यावर निघाले. ‘वीस मिनिटांत वर जाऊन येतो, पाणी काय, खाली आल्यावर पिऊ.’

त्या किल्ल्याची वाट फसवी आहे. संग्रहालयाच्या बाजूने सुरू होते ती थेट एका अरुंद घळीत शिरते. दोन्ही बाजूंना उंच तांबड्या भिंती, मधून पायऱ्या, गार सावली. माणसाला वाटतं, हे तर सोपं आहे, आणि तो वेगाने चढतो. मग घळ संपते आणि वर एकदम उघडाबोडका कातळ. झाड नाही, आडोसा नाही. शिवालयं, धान्याची कोठारं, बुरूज, सगळं त्या तव्यावर पसरलेलं. भाऊजींनी वर अर्धा तास काढला. उतरताना डोकं दुखतंय म्हणाले, मग उलटी झाली, मग पुतण्याच्या प्रश्नाला भलतंच उत्तर दिलं. पोरगा घाबरून धावत खाली आला तेव्हा आम्हाला कळलं.

खालच्या दोन पोरांनी त्यांना घळीच्या सावलीपर्यंत उतरवलं. हात लावला तर अंग चटका बसेल इतकं तापलेलं आणि ठणठणीत कोरडं. गाडीतले टॉवेल तलावाच्या पाण्यात बुचकळून आणले. सोलापूरचा टॉवेल पाणी किती धरतो हे त्या दिवशी कळलं. मान, काखा, जांघा, सगळीकडे ओले टॉवेल, शर्ट काढून वहीच्या पुठ्ठ्याने वारा. रिक्षाने दवाखाना, सलाईन. संध्याकाळपर्यंत ते बसून बोलायला लागले. डॉक्टर एवढंच म्हणाले, अजून तासभर उशीर केला असतात तर काही खरं नव्हतं.

तेव्हापासून बदामीला कुणी निघालं की मी आपणहून बोलते, विचारो न विचारो.

अंग घामाने चिंब आहे, डोकं दुखतंय, मळमळतंय, तोवर सावली, पाणी आणि विश्रांती पुरते. माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, अंग तापून निघालं, तर मग थांबायचं नाही. घाम येत असला तरी नाही. आधी तिथल्या तिथे अंग गार करायला घ्यायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. हा नंबर कर्नाटकातही चालतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात एक, हे प्रमाण मोडायचं नाही. अर्ध्या ग्लासात पुडी घोळून पाजणारे मी पाहिलेत. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. खोक्यातली गोड पेयं ओआरएसची जागा घेत नाहीत, जाहिरात काहीही म्हणो.

माझी पुतणी अमेरिकेत अ‍ॅरिझोनात असते. तिथे अशाच लाल खडकांचं मोठं वाळवंट आहे आणि तिथली सरकारी उद्यानं माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी बाळगा म्हणून बजावतात. ग्रँड कॅन्यनमध्ये तर उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चालूच नका असा सल्ला असतो. बदामीत अशा पाट्या लावल्या तरी आपण वाचणार नाही, म्हणून तो नियम घरूनच घेऊन जायचा. पाणी प्रत्येकाच्या पाठीवर, पाठपिशवीत, चेन लावून. हातातल्या कॅरीबॅगेत काहीही नको.

एका दिवसाचा बेत मोडा आणि मुक्काम करा. रेल्वेने जायचं तर सोलापूरहून विजापूर, बागलकोट करत थेट बदामीला उतरता येतं. स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटरवर आहे, रिक्षा मिळतात. राहायला पर्यटन महामंडळाचं मयूर चालुक्य आहे, साधी लॉजही आहेत. पहाटे उजाडता उजाडता किल्ल्याची घळ चढायला घ्या, वर ऊन कोवळं असतं, खाली तलावाचं, म्हणजे अगस्त्य तीर्थाचं पाणी आणि समोरच्या डोंगरातली लेणी दिसतात. उतरलात की तिकीटखिडकी उघडताच लेणी. दहा-साडेदहाला खोलीवर परत. दुपार संग्रहालयाची: छोटंसं आहे, पण तिथली लज्जागौरी पाहिल्याशिवाय येऊ नका. शुक्रवारी ते बंद असतं, हे लक्षात ठेवा. चार वाजता ऊन कलल्यासारखं वाटलं तरी कातळ निवलेला नसतो. तेव्हा भूतनाथाच्या देवळाकडे सहाच्या सुमाराला जा. तलावाच्या पूर्व टोकाला आहे, मावळतीचा उजेड बरोबर त्याच्यावर पडतो.

पायांचं सांगायचं राहिलं. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीने बांधलं, विक्रमादित्य दुसरा कांची जिंकून आला त्याच्या आठवणीखातर. तिथे आजही पूजा होते, म्हणजे चपला बाहेर. अकरानंतर त्या फरशांवर अनवाणी चालून बघा. जाड मोजे सोबत ठेवा, मुलांचे तर हमखास. महाकूटाच्या देवळांतही तेच, पण तिथे झऱ्याचं कुंड आहे, डुंबलं की शीण जातो. ऐहोळ्याला मेगुती टेकडीवरच्या जैन देवळात रविकीर्तीचा ६३४ सालचा शिलालेख आहे. पुलकेशी दुसरा नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रांचा धनी झाला, असं त्यात म्हटलंय. मराठी माणसाने त्याच्यासाठी तरी टेकडी चढावी, पण सकाळीच.

पावसाळ्यात कड्यावरून अक्का-तंगी धबधबे कोसळतात आणि गर्दी त्यांच्या माथ्याकडे धावते. ओला वाळूखडक शेवाळाने निसरडा होतो आणि त्याच्या कपच्याही सुटतात. पुण्या-बंगळुरूहून दोर घेऊन चढायला येणारी पोरंसुद्धा ओल्या दगडाला हात लावत नाहीत. त्यांच्याकडून आणखी एक शिकण्यासारखं आहे: चढण्याआधी ती वर बघून आग्या मोहोळ कुठे लटकलंय ते शोधतात. कड्याखाली उभं राहून अत्तर फवारणं, सिगारेट ओढणं, मुलांनी दगड भिरकावणं, हे सगळं मोहोळाला डिवचण्यासारखं.

जेवण मात्र बनशंकरीच्याच दारात करा. देवळाबाहेर बायका डोक्यावरच्या टोपल्या उतरवून कडक भाकरी, शेंगाचटणी, भरलं वांगं आणि गाडग्यातलं दही वाढतात. आपल्याच चवीचं, फक्त तिखट जरा जास्त. दही दोनदा घ्या.

एकच दिवस असेल तर पट्टदकल आणि ऐहोळे सरळ सोडून द्या, लेणी सकाळी आणि दर्शन संध्याकाळी. आमच्या सासूबाईंना मात्र हे अजून पटलेलं नाही. कुलदैवताच्या दारात जाऊन आधी दगड बघायचे, ही काय रीत झाली? शेवटी तोड त्यांनीच काढली. आदल्या दिवशी दुपारी निघायचं, दिवेलागणीला देवीपुढे ओटी ठेवायची, बदामीत झोपायचं आणि सकाळी कातळावर. पौषातल्या जत्रेच्या दिवसांत बदामीत खोली मिळत नाही, म्हणून आमचं माघातच ठरलंय. भाऊजी येणार आहेत. त्यांच्या पाण्याची पिशवी पुतण्याच्या पाठीवर असेल.