प्लॅस्टिक शीटची जीप

ज्युनिअर मित्रांनो, आमचा हॉबी क्लब यंदा असल उत्तरच्या लढाईचा वॉरगेम टेबलावर मांडत आहे. पॅटन रणगाड्याचे तयार किट मिळते. पण जीपवर बसवलेली १०६ मि.मी. रिकॉइललेस तोफ आम्हाला हवी तशी मिळाली नाही. म्हणून ती प्लॅस्टिक शीट कापून बनवली. पुढच्या वर्षी मी शाळेत नसेन, म्हणून ही कृती तुमच्यासाठी लिहून ठेवतो.

सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ ही लढाई झाली. १० सप्टेंबरला ४ ग्रेनेडिअर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी अशाच जीपवरून शत्रूचा पुढचा रणगाडा उडवला, जागा बदलली आणि दुसरा उडवला. तिसऱ्यावर मारा करताना ते शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

आधी माप, मग चाकू. आमचे प्रमाण १:७२ आहे, म्हणजे खऱ्या मापाला ७२ ने भागायचे. जीपची लांबी सुमारे ३.३ मीटर, म्हणून मॉडेल ४६ मि.मी. रुंदी साधारण १.६ मीटर, म्हणजे २२ मि.मी. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २.०३ मीटर, म्हणजे २८ मि.मी. तोफ ३.४ मीटर, म्हणजे ४७ मि.मी. तोफ जीपपेक्षा लांब आहे, हे मला पहिल्यांदा या आकडेमोडीतूनच कळले.

शीट पॉलिस्टायरीनची हवी. जुन्या डब्याचे प्लॅस्टिक वापरणार असाल, तर तळाशी त्रिकोणात ६ हा आकडा आहे का ते पाहा. ५ असेल तर ते पॉलिप्रॉपिलिन. ते आपल्या सॉल्व्हंटने चिकटत नाही. शंका असेल तर तुकडा पाण्यात बुडवून सोडा. पॉलिप्रॉपिलिन तरंगते, घन पॉलिस्टायरीन बुडते. बुडणारी दुसरी प्लॅस्टिकेही असतात; पण तरंगणारा तुकडा मात्र नक्की बाजूला ठेवा.

शीट आरपार कापायची नसते. स्टीलची पट्टी घट्ट धरून चाकूने हलक्या हाताने तीन-चार वेळा रेघ ओढा. मग रेघ बाहेरच्या बाजूला राहील अशी शीट वाकवा. ती रेघेवर सरळ तुटते. जोर लावला की चाकू घसरतो आणि बोट कापते. कडा सँडपेपरवर घासून घ्या.

आता जाडीचा हिशेब. १ मि.मी. शीट या प्रमाणात ७२ मि.मी. जाडीची होते. रणगाड्याच्या चिलखताला ते शोभेल, जीपच्या पत्र्याला नाही. म्हणून तळ १ मि.मी.चा, पण बाजू, बॉनेट आणि मडगार्ड अर्ध्या मि.मी.चे घ्या आणि दिसणाऱ्या कडा आतून तिरक्या घासून बारीक करा. एकूण रुंदी २२ हवी आणि दोन्ही बाजूंच्या भिंती अर्ध्या-अर्ध्या मि.मी.च्या, म्हणून मधल्या आडव्या पट्ट्या २१ मि.मी.च्याच कापायच्या. बहुतेक मॉडेल या एका मि.मी.त फसतात.

तुकडे जोडून धरा आणि बारीक ब्रशने सांध्यावर सॉल्व्हंट टेकवा. ते आपोआप फटीत ओढले जाते, दोन्ही कडा विरघळवते आणि त्यांचा एक तुकडा होतो. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको, आणि हॉबी क्लबचे सर हजर असतानाच बाटली उघडा. बॉनेटसारख्या बंद खोक्याला खालून लहान भोक पाडा; नाहीतर वाफ आत कोंडते आणि भिंती मऊ पडून वाकतात. जोड रात्रभर सुकू द्या.

चाकांसाठी चामड्याला भोके पाडायचा १० मि.मी.चा पंच वापरा. १ मि.मी. शीटच्या दोन चकत्या एकावर एक चिकटवल्या की टायरची रुंदी बरोबर जमते. तोफेची नळी आम्ही पितळेच्या बारीक नळीची केली. धातूला सॉल्व्हंट चालत नाही, तिथे फेव्हिक्विक लावा.

एवढी मोजमापे कशासाठी, असे एका ज्युनिअरने मला विचारले. त्याचे उत्तर टेबलावरच आहे. त्या शेतांत ऊस उभा होता. अडीच ते तीन मीटर ऊस म्हणजे मॉडेलवर ३५ ते ४२ मि.मी. एम-४८ पॅटनची उंची ३.१ मीटर, म्हणजे ४३ मि.मी. झाकणातून डोके बाहेर काढलेला रणगाड्याचा कमांडर उसावरून दूरचे पाहू शकतो, पण उसाच्या आत पाहू शकत नाही. जीप मात्र तोफेसकट उसापेक्षा बुटकी आहे.

आता ऊस म्हणून २० मि.मी.चे गवत लावले तर काय होईल? जीप सगळ्या बाजूंनी दिसेल, पहिल्याच डावात उडेल, आणि खेळणारा समजेल की हमीद यांच्यापाशी फक्त धाडस होते. बरोबर उंचीचा ऊस लावला की त्यांची युद्धकला दिसते. ही तोफ झाडली की मागून ज्वाळा आणि धूळ उठते, जागा उघडी पडते. म्हणून आमच्या खेळात नियम आहे: गोळा झाडल्यावर जीप हलवली नाही, तर पुढच्या डावात ती शत्रूला दिसते. हमीद यांनी जागा का बदलली, हे हा नियम खेळताना समजते.

आपल्यातले काही जण पुढे खऱ्या सँड मॉडेलसमोर उभे राहून जवानांना हुकूम देतील. तिथे चुकीच्या उंचीचा बांध किंवा झाडी दाखवली, तर किंमत प्लॅस्टिकला मोजावी लागणार नाही. मापे लिहिलेली वही क्लबच्या कपाटात ठेवली आहे. पुढचे मॉडेल एएमएक्स-१३ रणगाड्याचे करायचे आहे. त्याची मापे आधी वहीत उतरवा, मगच शीटला हात लावा.