बोट का ओरडते?

आमच्या उचगावला नदी नाही. हायवे आहे, पूल आहे, शेजारी गांधीनगरची कापडपेठ आहे. नदी बघायची तर वळिवड्याकडं जावं लागतं. तरीही २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये एक जेट बोट येऊन पडली, आणि चार सेमिस्टरमध्ये डोक्यात न शिरलेल्या दोन-तीन गोष्टी तिने आठ दिवसांत शिकवल्या.

ही बोट ओळखीच्या मुलांनी २०२१ च्या महापुरानंतर वर्गणी काढून जुनीच घेतलेली. जेट बोटीला बाहेर पंखा नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढायचे, इम्पेलरने ते मागच्या नोझलमधून जोरात फेकायचे, आणि नोझल डावी-उजवीकडे फिरवून बोट वळवायची. पुरात बुडालेली कुंपणं, पाण्यात उतरलेली माणसं यांच्याजवळून जायला हे चांगले. पण त्यात एक मेख आहे. पाण्याचा झोत थांबला की वळणेही थांबते.

जुलै २०२४ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, तेव्हा नेमके हेच घडले. बोटीत एक आजी आणि दोन लहान पोरं. मध्येच बझर वाजू लागला. चालवणाऱ्या दादाने घाबरून इंजिन बंद केले आणि बोट आडवी होऊन प्रवाहाबरोबर निघाली. एका बाभळीला अडकली म्हणून निभावले.

दादा गॅरेजमध्ये येऊन म्हणाला, "मामा, त्या बझरची वायरच काढून टाका. नुसता डोस्क्याला ताप!"

मिस्त्रीमामा म्हणाले, "वायर काढली तर आवाज जाईल रं. रोग कुठं जाणार?"

मीटरचा डिस्प्ले बंद होता, त्यामुळे हातात फक्त आवाज. मामांनी मला वही दिली आणि सांगितले, कधी वाजतो ते लिही. पाणी उतरल्यावर आम्ही वळिवड्याला दोन दिवस बोट फिरवली. वहीत तीन प्रकार जमले. किल्ली फिरवल्यावर एक छोटा आवाज, तो यंत्रणेची स्वतःची तपासणी, तो सोडून दिला. वेगात दहा-बारा मिनिटांनी एक सलग लांब आवाज. आणि तिसरा, कधीही येणारे दोन तुटक टूं-टूं.

लांब आवाजाचे उत्तर लवकर मिळाले. या बोटीचे इंजिन थंड ठेवणारे पाणी जेट पंपाच्या दाबानेच येते. जाळीत केंदाळ अडकले की ढकलही कमी आणि गारवाही कमी. हात घालून (इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून!) बादलीभर केंदाळ काढले. तरी तापमानाचा सेन्सर खरा बोलतो का, हे बघायला तो होस्टेलवर आणला आणि इमर्शन रॉडने पाणी तापवून मल्टिमीटर लावला. रेक्टर सरांनी हा परिच्छेद वाचू नये. सेन्सर मॅन्युअलमधल्या आकड्याजवळच चालू झाला. म्हणजे बिचारा खरेच सांगत होता.

टूं-टूंनी मात्र छळले. बॅटरी बदलून पाहिली, फरक नाही. शेवटी वहीच कामाला आली. दर वेळी आवाजाबरोबर बोटीच्या बाजूच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडत होती! तळात साचलेले पाणी उपसणारा पंप आपोआप चालू होत होता. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजले तर १३.४ व्होल्ट. तोच पंप चालू असताना कंट्रोल युनिटच्या प्लगवर मोजले तर ११.५. मधले जवळजवळ दोन व्होल्ट गेले कुठे? पंप आणि युनिट दोघांचे अर्थिंग एकाच नटाखाली होते, आणि त्या नटाखाली हिरवा गंज. पंपाचा करंट त्या सांध्यातून गेला की युनिटला वाटायचे बॅटरी उतरली. ओहमचा नियम आपण बारावीत पाठ केला, पण तो असा नटाखाली बसलेला कधी पाहिला नव्हता. पॉलिश पेपर, नवीन वॉशर, वरून ग्रीस. खर्च तीस रुपये.

याच प्रकारची बोट कुणाच्या हाती आली तर एक लक्षात ठेवा. जमिनीवर नळ लावून तपासताना आधी इंजिन चालू, मग नळ. थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. उलटे केले तर पाणी एक्झॉस्टमधून इंजिनात शिरते. आमच्या आधीच्या कुणीतरी ते केले होते, प्लग काढल्यावर कळले.

स्टिअरिंगजवळ आता चिठ्ठी चिकटवली आहे: "लांब आवाज: वेग कमी, काठाला लावा, मग इंजिन बंद करून जाळी साफ. दोन तुटक: काठावर गेल्यावर बॅटरी व अर्थिंग बघा. मधेच इंजिन बंद करू नका."

बझरची वायर जागेवर आहे. दादाची एकच तक्रार उरली, की पावसात तो ऐकूच येत नाही. मामा त्याच्यासाठी मोठा हॉर्न शोधत आहेत.