आधी गाव शोधा
प्रश्न : माझ्या यजमानांचे पणजोबा १९०७च्या सुमारास क्रोएशियातून पिट्सबर्गला आले. ऑनलाइन नोंदींत ‘क्रोएशिया’ सापडतच नाही. काय करू?

उत्तर : सापडणार कसा? १९१८पर्यंत तो प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीत होता. एलिस आयलंड या न्यूयॉर्कच्या स्थलांतरित-केंद्राच्या जहाजयाद्यांत देश ‘ऑस्ट्रिया’ किंवा ‘हंगेरी’ धरून पाहा. वंशाच्या रकान्यात सहसा ‘क्रोएशियन’ दिसेल. नावाबाबत हट्ट नको, इव्हानचा अमेरिकेत सर्रास जॉन व्हायचा. खरी गरज गावाच्या नावाची. ते १९०६नंतरच्या अमेरिकन नागरिकत्वाच्या अर्जांत मिळण्याची शक्यता चांगली. मग फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर त्या गावच्या चर्चच्या बाप्तिस्मा-वह्या फुकट चाळा. बऱ्याच लॅटिनमध्ये आहेत, तिथे इव्हान ‘योआनेस’ होऊन बसलेला असतो! नाव टाकून शोध प्रत्येक वहीत चालत नाही. पानं एकेक करून पाहावी लागतात.