दम कोठून येतो?

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातील गाव. या पट्ट्यातील तरुणांपुढे पावसावर विसंबलेली शेती, ऊसतोडीसाठी करावे लागणारे स्थलांतर अथवा नोकरी असे मोजकेच मार्ग असतात. साहजिकच पोलीस व सैन्य भरतीकडे त्यांचे डोळे लागलेले असतात. पोलीस शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. काही सेकंदांच्या फरकाने गुण जातात आणि गुणांबरोबर वर्षही जाते. त्यामुळे दम वाढवावा कसा, हा येथे केवळ आरोग्याचा प्रश्न राहत नाही.

दम म्हणजे छाती आणि छाती म्हणजे फुफ्फुसे, असा सर्वसाधारण समज आहे. पुरुष उमेदवाराची छाती किमान ७९ सेंटिमीटर असावी व श्वास भरल्यावर ती आणखी ५ सेंटिमीटर फुगावी, ही भरतीतील अट त्या समजाला बळकटीच आणते. शरीराचा हिशेब मात्र निराळा आहे.

पहाटे अंथरुणावर स्वस्थ पडलेल्या निरोगी माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७० ठोके देते. प्रत्येक ठोक्यास साधारणपणे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. म्हणजे मिनिटाला पाच लिटर. शरीरात एकूण रक्तही जवळपास तेवढेच असते. हृदयाची उजवी बाजू अशुद्ध रक्त फुफ्फुसांकडे धाडते, तर डावी बाजू शुद्ध रक्त सर्वांगाला पुरविते. त्याच वेळी श्वासपटल मिनिटाला बारा ते पंधरा वेळा खाली ओढले जाते व प्रत्येक श्वासाबरोबर अर्धा लिटर हवा आत येते. त्यातील सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकांतच राहते. उरलेली कोट्यवधी वायुकोशांपर्यंत पोहोचते. या वायुकोशांचे अस्तर पसरले, तर त्याने एखादे लहानसे घर सहज झाकले जाईल. येथेच रक्त प्राणवायू घेते व कार्बन डायऑक्साइड टाकते.

धावण्यास आरंभ होताच हे सारे पालटते. किंबहुना शिट्टी वाजण्यापूर्वीच, केवळ चाचणीच्या कल्पनेने, नाडी वाढू लागते. पूर्ण वेगात विशीतील तरुणाचे ठोके मिनिटाला १९० च्या घरात जातात, प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त फेकले जाते आणि पाच लिटरचे वीस लिटर किंवा त्याहून अधिक होतात. हे जादा रक्त वाटले कसे जाते, हे पाहण्यासारखे आहे. स्वस्थ असताना स्नायूंच्या वाट्याला जेमतेम पाचवा हिस्सा येतो. धावताना पाचांपैकी चार हिस्से त्यांच्याकडे वळतात. जठर, आतडी व मूत्रपिंडे यांचा पुरवठा आखडतो. मेंदूचा मात्र कायम राहतो. भरपेट जेवून धावू नये, या वडीलधाऱ्यांच्या सांगण्यात पुष्कळ तथ्य आहे ते असे.

श्वसनाची वाढ याहूनही मोठी असते. मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेणारी फुफ्फुसे शंभर लिटरच्या पुढे जातात, म्हणजे सुमारे पंधरापट. हृदयाचे काम वाढते ते चार-पाचपट. इतकी धाप लागलेली असतानाही निरोगी तरुणाच्या फुफ्फुसांतून बाहेर पडणारे रक्त प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. अर्थ स्पष्ट आहे. अडते ते बहुधा हवा घेण्यापाशी नव्हे, तर घेतलेला प्राणवायू स्नायूंपर्यंत वाहून नेण्यापाशी. धाप लागते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व स्नायूंत साचणारे आम्ल यांमुळे.

म्हणूनच सरावाने प्रौढ माणसाची फुफ्फुसे मोठी होत नाहीत. बदलते ते हृदय. त्याचा डावा कप्पा अधिक भरू लागतो, एका ठोक्याचे रक्त वाढते आणि विश्रांतीच्या वेळची नाडी ७० वरून हळूहळू साठीच्या खाली येते. स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळेही दाट होते. यास आठवडे व महिने लागतात. जाहिरात निघाल्यावर पंधरा दिवस जिवाचे रान करून ते साधत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडवा येथील अविनाश साबळे यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पूर्ण करून रौप्यपदक मिळविले. बालपणी शाळेसाठी सहा किलोमीटर जाणे-येणे आणि पुढे सैन्यातील वर्षानुवर्षांचा सराव अशी त्यामागची शिदोरी आहे.

वाहतुकीचे साधन असलेले रक्तच पातळ असेल, तर हृदयाने किती धावपळ करावी? शंभर मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल, तर त्यात सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू मावतो. ९ ग्रॅम असेल, तर केवळ १२. राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. ८०० मीटरमध्ये मागे पडणाऱ्या मुलीला आळशी ठरविण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे रक्त तपासून घेणे अधिक शहाणपणाचे होईल.

मराठवाड्यातील उन्हाळा ही आणखी एक अडचण. उन्हात अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते; स्नायूही तेच मागत असतात आणि घामाने रक्तातील पाणी घटत जाते. हृदयावर दुहेरी ओझे पडते. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवार मृत्युमुखी पडले, तेव्हा या धोक्याची चर्चा राज्यभर झाली. धावताना छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा घाम थांबून अंग तापणे, यांपैकी काहीही जाणवले तर त्याच क्षणी थांबून सावलीत जावे व डॉक्टरांना दाखवावे. घरात कोणी तरुण वयात अकस्मात दगावले असल्यास सरावापूर्वीच हृदयाची तपासणी करून घ्यावी.

एरवी मात्र शेवटच्या रेषेवर एकदम थांबू नये. पायांतील रक्त वर चढविण्याचे निम्मे काम चालते स्नायूच करीत असतात. ते थबकले की रक्त पायांत साचते आणि चक्कर येते. त्यामुळे पाच-सात मिनिटे संथपणे चालत राहावे व नाडी शंभरीच्या आसपास उतरल्यावरच बसावे.