तारेच्या दोन्ही टोकांना एकच नंबर

खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झाले आणि कर्जतजवळच्या भिवपुरीचे 1922 साली. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली सोडून तयार केलेली ही वीज मुंबईला गेली, गिरण्या आणि आगगाड्या चालवायला. मनोरे आपल्याच डोंगरांत उभे राहिले. खाली कातकरी आणि ठाकर वाड्यांत मात्र पुढे कित्येक वर्षे घासलेटची चिमणीच होती. आता चित्र बदलते आहे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक, इतर दोन कोलाम आणि माडिया गोंड. या जमातींसाठी नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन योजनेत घरोघरी वीज देण्याचेही काम धरलेले आहे. म्हणजे वाडीत तारा येत आहेत. पाण्याच्या टाकीला पंप येतो, समाजमंदिराला बोर्ड येतो, रस्त्यावर सौरदिवा येतो. बसवणारा मनुष्य टेम्पोत बसून निघून जातो आणि तारा वाडीत राहतात.

या अंकातला पाठ त्या तारांविषयी आहे. कोणती तार कुठून आली आणि कुठे जाते हे तिच्यावरच कसे लिहून ठेवायचे, एवढाच त्याचा विषय. मी वीजतंत्री नाही. आमच्या प्रशिक्षण वर्गात निवृत्त वायरमन काका शिकवतात आणि मी शेजारी बसून मुलांना समजेल अशा शब्दांत वहीत उतरवते. त्या वहीतून हा पाठ काढला आहे.

आधी रंग. आपल्याकडच्या घरगुती वायरिंगमध्ये लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. तीन फेजच्या लाइनीत फेजचे रंग लाल, पिवळा आणि निळा. इथवर मुले पटकन पाठ करतात. अडचण पुढे आहे. मिक्सर, इस्त्री, टीव्ही यांच्या बऱ्याच दोऱ्यांत तपकिरी तार फेजची असते, निळी न्यूट्रलची आणि हिरव्यावर पिवळा पट्टा असलेली अर्थिंगची. म्हणजे तोच निळा रंग पंपाच्या लाइनीत झटका देणारा फेज आहे आणि इस्त्रीच्या दोरीत न्यूट्रल. सौरदिव्याकडे या, तिथे काळी तार बॅटरीची ऋण बाजू असते. ब्रिटनमध्येही हा घोळ झाला होता. तिथे 2004 पासून घरांतले रंग बदलून तपकिरी-निळे केले, तेव्हा जुने आणि नवे रंग एकत्र असलेल्या बोर्डावर धोक्याची सूचना चिकटवणे सक्तीचे करावे लागले. आपल्या वाडीत तर याहून साधी गोष्ट घडते: लाल तार संपली की कामगार उरलेली काळीच पुढे ओढतो. म्हणून काकांचे म्हणणे असे की रंग हा फक्त अंदाज आहे, खात्री नंबराने होते.

कर्जत तालुक्यातल्या एका वाडीत गेल्या पावसाळ्याआधी एका मुलाला बल्ब बदलताना झटका बसला. बटण बंद केलेले होते. तो स्टुलावरून पडला आणि मनगट मोडले. जीव वाचला तो स्टूल लाकडी होते म्हणून, असे वाडी मानते. बोर्ड उघडून पाहिले तेव्हा बटण न्यूट्रलच्या तारेत जोडलेले निघाले. दिवा लागत होता, विझत होता, पण विझल्यावरही होल्डरमध्ये फेज तसाच उभा होता. दोन्ही तारा एकाच रंगाच्या होत्या आणि कशावरही काही लिहिलेले नव्हते. हे नियमाविरुद्ध आहे, आणि नियम काही कालचा नाही. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतच, न्यूट्रलची तार फेजपासून वेगळी ओळखता येईल अशी कायमची खूण असली पाहिजे आणि एकट्या न्यूट्रलमध्ये स्विच किंवा फ्यूज घालू नये, असे सांगितले होते. पुढच्या नियमावल्यांतही ते कायम आहे. हे मी मुद्दाम लिहिते आहे. खूण मागणे म्हणजे वाडीने केलेली कटकट नव्हे. ठेकेदार काम संपवून सही मागायला येतो तेव्हा वाडीतल्या माणसाने विचारावे, “दादा, न्यूट्रलची खूण कुठे केलीत ते दाखवा.”

आता नंबर कसा घालायचा ते. पॅनेलचे काम करणारे ज्याला फेरूल म्हणतात ती प्लॅस्टिकची बारीक नळी असते, बहुधा पिवळी, वर काळा आकडा किंवा अक्षर. ती तारेत ओवायची. तार सोलून टोकाला लग दाबून बसवण्याच्या आधी ओवायची, कारण लग बसला की बंद नळी आत जात नाही. हे सांगायला सोपे आहे, पण पहिल्या आठवड्यात वर्गात निम्म्या तारा पुन्हा कापाव्या लागतात. नळी तारेच्या मापाची हवी. सैल असेल तर घसरत बोर्डाच्या तळाशी जाते आणि मग कोणता नंबर कोणाचा हे कळत नाही. सगळ्या फेरूल एकाच दिशेने वाचता याव्यात. आडव्या तारेवर डावीकडून उजवीकडे, उभ्या तारेवर खालून वर. 6 आणि 9 यांच्याखाली रेघ ओढायची, नाहीतर नळी फिरली की सहाचे नऊ होतात.

आणि नंबर दोन्ही टोकांना, एकच. पाइपातून तार ओढण्याच्या आधी. ओढून झाल्यावर चार सारख्या तारा समोर आल्या की शोधाशोध सुरू होते. तशी वेळ आलीच तर मेन स्विच बंद करून, वीज खरोखर गेली आहे हे तपासून, मग मल्टिमीटरच्या आवाजावर एकेक तार शोधतात. तपासण्याचीही एक रीत आहे. टेस्टिंग लॅम्प आधी चालू जागी लावून तो पेटतो हे पाहायचे, मग बंद केलेल्या तारेवर लावायचा, मग पुन्हा चालू जागी. कारण दिवा पेटला नाही याचा अर्थ वीज नाही असाही होतो आणि बल्ब उडाला असाही होतो. चालू जागी दिवा लावणे हे परवानाधारकाचेच काम आहे, वाडीतल्या कोणीही ते हौसेने करू नये.

पंपाच्या स्टार्टरमध्ये तारेच्या नंबराबरोबर दुसरा नंबर येतो, तो जागेचा. तो कारखान्यातूनच छापून येतो आणि कंपनी कोणतीही असली तरी बहुतेक सारखाच असतो. मुलांना हा भाग फार आवडतो, कारण कुलपाची किल्ली हाती आल्यासारखे वाटते. कॉइलची दोन टोके ए1 आणि ए2. मुख्य संपर्क 1-2, 3-4, 5-6. विषम आकड्यावर लाइन येते, सम आकड्यावरून मोटरकडे जाते. छोट्या साहाय्यक संपर्कांना दोन आकडी नंबर असतो. त्यातला पहिला आकडा अनुक्रम सांगतो आणि शेवटचा स्वभाव. शेवटी 3-4 असेल तर तो संपर्क एरवी उघडा असतो आणि कॉइल ओढल्यावर जुळतो. शेवटी 1-2 असेल तर एरवी जुळलेला असतो आणि कॉइल ओढल्यावर सुटतो. म्हणून 13-14 उघडा, 21-22 बंद. हिरवे बटण सोडल्यावरही पंप चालू राहतो तो 13-14 मुळे.

ओव्हरलोड रिलेवर 95-96 आणि 97-98 असे दोन जोड असतात. पहिला एरवी जुळलेला, जो मोटरवर ताण आला की सुटून पंप बंद करतो. दुसरा एरवी उघडा, तो धोक्याचा दिवा किंवा घंटी लावण्यासाठी. तारांवर नंबर नसले की दुरुस्तीनंतर 96 ची तार 98 मध्ये जाते आणि पंप सुरूच होत नाही. वाडीत पाणी नाही, बायका हंडे घेऊन उभ्या. मग कोणीतरी शहाणा रिलेच बाजूला टाकून तार सरळ जोडतो. पंप सुरू होतो, सगळे खूश. उन्हाळ्यात व्होल्टेज उतरते तेव्हा मोटर जळते आणि रिवाइंडिंगची वर्गणी पुन्हा त्याच हंडे उचलणाऱ्या बायकांकडून गोळा होते.

तीन फेजच्या मोटरच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते. बोअरमधला पंप उलटा फिरला तरी आवाज येतो, पाणीही थोडेसे येते, म्हणून पाण्याची पातळी गेली असे समजून लोक गप्प बसतात. खालापूर तालुक्यातल्या एका वाडीत असे काही आठवडे चालले. पंप काढताना तिन्ही तारांना यू, व्ही, डब्ल्यू अशा चिठ्ठ्या बांधल्या असत्या तर हे झाले नसते.

गाड्यांच्या आणि यंत्रांच्या वायरिंगमध्ये टोकाला कपलर असतो, आत पिना. आपली काही मुले-मुली वायर हार्नेस जोडण्याच्या कामाला जातात, त्यांच्यासाठी हे. कपलरच्या प्रत्येक भोकाजवळ बारीक आकडा कोरलेला असतो. भिंग लागले तर घ्यावे, लाजू नये. कपलर तोंडाकडून पाहिला तर 1 नंबर डावीकडे दिसेल आणि तारेच्या बाजूने पाहिला तर तोच उजवीकडे. आरशासारखे. नकाशात कोणत्या बाजूने चित्र काढले आहे हे आधी पाहायचे. पिन आत गेली की टक् असा आवाज येतो, मग तार हलकेच मागे ओढून पाहायची. एक मुलगी मला म्हणाली, “ताई, सुपरवायझर आकडा सांगत नाही, बोट दाखवतो.” बोट दाखवणारा सुट्टीवर गेला की लाइन थांबते. आकडा वाचता येणारी मुलगी थांबत नाही.

खूण कशाची करावी याचा विचार आपल्या पावसाने करायला लावला. कागदावर लिहून वर सेलोटेप लावली तर श्रावणापर्यंत बुरशी येते आणि मुंग्या डिंक खातात. स्केचपेन पुसते. छापलेली फेरूल किंवा गरम हवेने आवळणारी नळी टिकते. हे परवडत नसेल तर तारेभोवती रंगीत इन्सुलेशन टेपच्या कड्या कराव्यात: पहिल्या तारेला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. वीटभट्टीवर जाण्यात ज्यांची शाळा सुटली त्यांनाही कड्या मोजता येतात. पत्र्याची पट्टी मात्र बोर्डाच्या आत कधीही बांधू नये, ती सुटून दोन टोकांवर पडली तर खूणच अपघात करील.

ज्यांना हे काम धंदा म्हणून करायचे आहे त्यांनी लक्षात घ्यावे की आयटीआयचा वायरमन हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आठवी पास मुलांना खुला आहे, इलेक्ट्रिशियनला दहावी लागते. पुढे राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना लागतो.

बाकीच्यांसाठी एक वही पुरे. डाव्या पानावर नंबर, समोर ती तार कुठून कुठे जाते ते, शेवटी तारीख आणि काम करणाऱ्याचे नाव. वही बोर्डाजवळ ठेवू नका, ओल लागते. ती अंगणवाडीत किंवा गावदेवाच्या पुजाऱ्याकडे, जिथे वाडीचा विश्वास असेल तिथे ठेवा, आणि दुरुस्तीला कोणीही आला तरी झाकण उघडण्याआधी त्याच्या हातात द्या.