पोथी घराने ऐकावी

श्रीगुरुचरित्राला आपण वेदतुल्य मानतो, आणि ते योग्यच आहे. पण हा ग्रंथ एका घराण्याचाही ठेवा आहे, हे पारायणाच्या ओघात आपल्या लक्षात येत नाही. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर हे सायंदेवांच्या वंशातले. सायंदेव, नागनाथ, देवराव, गंगाधर आणि सरस्वती अशी ही पाचवी पिढी.

14 वा अध्याय आपल्यापैकी पुष्कळांच्या नित्यपाठात असेल. त्यातली एक गोष्ट पाहा. सायंदेवांना त्याच दिवशी क्रूर यवन अधिकाऱ्याने बोलावलेले आहे. गेलो तर जीव जाणार याची खात्री आहे. असा माणूस श्रीगुरूंपुढे उभा राहिला की आधी काय मागेल? सायंदेव आधी मागतात ते हे, की माझ्या वंशात पुढेही ही भक्ती चालू राहो, मुलानातवंडांचे कल्याण होवो. आपल्या जिवावरचे संकट ते नंतर सांगतात! आणि संकट टळल्यावर श्रीगुरू निरोप घेताना काय सांगतात? पंधरा वर्षांनी तुमच्या गावाजवळ येऊ, तेव्हा बायको, मुले, भाऊ सगळ्यांना घेऊन भेटायला या. एकट्याला बोलावणे नाही, बोलावणे सबंध घराला आहे.

पुढे 41 व्या अध्यायात नामधारक सिद्धांना विचारतो, आमच्या पूर्वजांनी श्रीगुरूंची सेवा कशी केली ते सांगा. मग वादळी रात्री संगमावरून गावात विस्तव आणायला गेलेल्या सायंदेवांची कथा येते. म्हणजे आपल्याच घराण्याची गोष्ट वंशजाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागली. कोणीतरी सांगितली आणि त्याने बसून ऐकली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. सबंध गुरुचरित्र हे असे सांगणे-ऐकणेच आहे.

हे लिहिण्याचे कारण असे, की हल्ली पारायणे वाढली, पण ऐकणारे कमी झाले. एक जण खोलीचे दार लावून मनातल्या मनात वाचतो, बाकीचे घर आपापल्या उद्योगात. वाचणाऱ्याला पुण्य लागत नाही असे मी म्हणणार नाही, तो माझा अधिकार नव्हे. पण सात दिवस पोथी घरात असून घराला ती कळत नाही, त्याचे काय?

आमच्याकडे मार्गशीर्ष शुद्ध नवमीला सप्ताह बसतो आणि दत्तजयंतीला सांगता होते. वडील पहाटे मोठ्याने वाचत. शेजारी महाराजांसाठी रिकामा पाट, भोवती रांगोळी, समई अखंड. आजीला अक्षरओळख नव्हती. ती स्वयंपाकघरात असे, पण वडिलांकडून एखादी ओवी गळाली की आतून आवाज येई, "अरे, मधलं राहिलं बघ." वडील निमूटपणे मागे जाऊन ती ओवी वाचत. स्त्रियांनी गुरुचरित्र वाचावे की नाही यावर जाणत्यांत मतभेद आहेत, त्यात मी शिरत नाही. एवढे मात्र सांगतो, की आमच्या घरातली पोथी वडिलांच्या हातात होती तितकीच आजीच्या कानात होती.

आणि घेवडा! 18 व्या अध्यायात अमरापूरच्या गरीब ब्राह्मणाच्या दारातल्या घेवड्याची भिक्षा महाराजांनी घेतली, जाताना तो वेल उपटून टाकला, आणि वेलाचे मूळ काढताना द्रव्याचा कुंभ सापडला. म्हणून जयंतीच्या नैवेद्यात घेवड्याची भाजी हवीच. शेंगा निवडायला आजी आम्हा पोरांना बसवी आणि हात चालू असताना गोष्ट सांगे. वेल उपटल्यावर त्या माउलीला किती रडू आलं असेल, हे ती अशी सांगे, की पुढे सोनं सापडतं हे ठाऊक असूनही आमचे डोळे भरून येत. आजही बाजारात घेवडा दिसला की मला अमरापूर आठवते.

वडील गेल्यावर प्रश्न उभा राहिला. आम्ही तीन भाऊ तीन गावांत, पोथी एक. धाकटा म्हणाला, "दादा, सगळे नियम आता कुणाकडून होणार? त्यापेक्षा पोथी मठात देऊन टाकू." त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. 36 आणि 37 व्या अध्यायांतला आचार वाचताना आपल्यालाच धाप लागते. पण आई म्हणाली, "कमी करा, मोडू नका." मग आम्ही बसून ठरवले. दर वर्षी एकाच्या घरी सप्ताह. मुकट्याचा हट्ट सोडला, धूतवस्त्र पुरे. सांगतेला पंक्ती न घालता एक मेहूण. पण वाचन मोठ्याने, महाराजांचा पाट आणि घेवडा, या तिन्हींना हात लावायचा नाही.

सुनेची नोकरी आहे. ती म्हणाली, "बाबा, सकाळी मला बसायला जमणार नाही." तिच्यासाठी संध्याकाळी आरतीनंतर त्या दिवशीच्या अध्यायांतली एक गोष्ट साध्या बोलीत सांगायची, आणि मग सर्वांनी मिळून श्रीटेंबेस्वामींची करुणात्रिपदी म्हणायची, असे सुरू केले. आता त्या वेळेला शेजारची दोन मुलेही येऊन बसतात. परवा त्यातल्या एकाने विचारले, "आजोबा, महाराजांना आधीच माहीत होतं ना, मग त्यांनी तिला सांगून वेल का नाही उपटला?" मला लगेच उत्तर सुचले नाही. सूनच म्हणाली, "सांगितलं असतं तर तिनं उपटू दिला असता का?"

यंदा सप्ताह आमच्या घरी आहे. माझ्या डोळ्यांना आता पोथीचा टाइप नीट दिसत नाही, म्हणून मुलगा वाचणार. जोडाक्षरांना तो अडखळतो. पाटाशेजारी माझी बसण्याची जागा ठरली आहे, आणि ओवी गळाली तर सांगायचे काम माझ्याकडे आले आहे.